वरचं बटण दाबायचं नाही

‘सातवी वेस’ हा खेळ भिकार आहे, हे मी सात महिने माझ्या बाकावर टेकणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगत होते. कॉफी पिणाऱ्याला सांगत होते, नुसतं पाणी पिऊन पुढे जाणाऱ्यालाही सांगत होते. एकदा तर गॅसची टाकी घेऊन आलेल्याला सांगितलं. आमच्याकडे बाईला ‘बु’ म्हणतात; तो बिचारा म्हणाला, “बु, मी फक्त टाकी पोचवतो.”

माझी टपरी आणि योयोकचं खेळांचं दुकान, मध्ये प्लायवूडची एक भिंत. योयोककडे सहा टीव्ही, सहा मशीन, तासावर भाड्याने. तिकडे खेळात कुणी मेलं की इकडे माझ्या बरण्या हलतात, आणि मेलेला माणूस दोन मिनिटांत माझ्या बाकावर येऊन कॉफी मागतो. आमच्या तुलुंगआगुंग गावात दर चार घरांमागे एक कॉफीची टपरी आहे. माझी चालते ती या मेलेल्या माणसांवर. म्हणून खेळांशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी स्वतः चार महिने खेळलेय. माझं वैर या एका खेळाशी होतं.

खेळ असा. एक माणूस, एक हत्यार, सात वेशी. प्रत्येक वेशीवर एक राखणदार, आणि तो तुम्हाला मारणार. वीसदा मारणार, पन्नासदा मारणार. ते सोडा, मार खायला आपण भितो थोडंच. मुद्दा असा की हा खेळ आपणहून सगळं साठवत राहतो. पाऊल टाकलं, साठवलं. चुकून कुणाला धक्का लागला, साठवलं. मागे जाणं म्हणून नाही. सहाव्या वेशीवर एक वेदी आहे. तिच्यापुढे उभं राहिलं की खेळ विचारतो, वाहायचं का? हो म्हटलंत की तुमची तलवार, चिलखत, महिनोन्‌महिने कमावलेलं बळ, सगळं वेदीवर जातं. बदल्यात काय मिळतं, कुणालाच ठाऊक नाही. शहाणा माणूस त्या वेदीच्या वाटेला जात नाही. मीही गेले नव्हते.

तरी एका मंगळवारी मी तीन नंबरच्या मशीनवर बसले आणि बघते तर काय, खेळातली माझी बाई त्या वेदीपुढे उभी. अंगावर चिंध्या, हात मोकळे. बळाच्या एकसष्ट पायऱ्या चढलेली माझी बाई शून्यावर. चार महिने हो! केळी तळून, भांडी घासून जो तास-दोन तास हाताशी उरायचा, तो सगळा मी तिच्यात घातला होता.

मी तेव्हा काय काय बोलले ते आता सांगत नाही. ज्याने कुणी हे केलं त्याचे हात मोडीन, हे मात्र मशिदीपर्यंत ऐकू गेलं असणार. योयोक म्हणाला, कुणीतरी वरचं बटण दाबलं. खेळ सुरू झाला की पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येतात. वरची दाबली की आधी जो कुणी खेळून गेला त्याचाच खेळ पुढे चालू होतो. खालची दाबली की नावांची यादी येते, तिच्यातून आपापलं नाव निवडायचं. भाड्याच्या दुकानात वरचं बटण दाबणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. मी त्याच दिवशी चिकटपट्टीवर जाड पेनाने लिहिलं, ‘वरचं बटण दाबायचं नाही. दाबाल तर हात मोडीन. विनार्ती.’ अशा सहा पट्ट्या लिहून सहाही टीव्हींखाली चिकटवल्या. आठवडाभर कुणी कबूल झालं नाही. मग योयोकने आपलं नेहमीचं औषध काढलं.

“लाइट गेली असेल बु. मशीन गोंधळलं असेल.”

याच्याकडे उंदराने वायर खाल्ली तरी लाइट गेलेली असते.

त्या दिवसापासून मी कंट्रोलरला हात लावला नाही. आणि कुणी का केलं असेना, लाइटने का केलं असेना, चांगल्या खेळाने माणसाला एक पाऊल मागे घेऊ दिलं असतं की नाही? हे माझं म्हणणं होतं आणि ते मी सोडलं नाही.

माझ्याशी यावर रोज भांडायचे ते म्बाह सार्पान. म्बाह म्हणजे आजोबा; सहासष्ट वर्षांचे. चाळीस वर्षं चम्पुरदारातच्या कारखान्यात संगमरवरी खांब आणि कुंड्या घासल्या त्यांनी, घासायच्या यंत्राच्या थरथरीने बोटं गेली. गार हवेत बोटांची टोकं पांढरीफटक पडतात, बटण लावता येत नाही. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, चेंडू दाबून बोटं हलती ठेवा. तर हे चेंडू दाबायचा सोडून योयोककडे येऊन बसले. माझी बाई लुटली गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्वतःचा खेळ सुरू केला, एक भाला घेऊन. शुक्रवार सोडून रोज तीन नंबरवर एक तास, ना कमी ना जास्त. सात महिन्यांत सहा वेशी ओलांडल्या. दुकानातली तरणी पोरं तिसऱ्या वेशीवर रडून परत यायची.

आणि हे सोमवारी चालले होते. मुलाने समुद्रापलीकडे समारिंदाला बोलावून घेतलं होतं, कायमचं. सुराबायाहून बोट. तिकडे मुलाच्या घरी ना मशीन ना दुकान, आणि म्हाताऱ्या बापाला खेळणं घेऊन दे असं कोण कुणाला सांगणार. रविवार बांधाबांधीत जाणार, तेव्हा सातवी वेस ओलांडायची तर शनिवारी दुपारी, नाहीतर कधीच नाही. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

गुरुवारी संध्याकाळी बाकावर शेवटचं भांडण रंगलं. तिसरा होता गुफ्रोन. मोबाइल दुरुस्तीवाला, चोवीस वर्षांचा, जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेला. कपात उरलेला कॉफीचा गाळ दातकोरणीने सिगरेटवर लावून तो नक्षी काढत बसला होता. एक सिगरेट सजवायला याला अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ तोंड चालू.

“लढाई बघा ना बु,” गुफ्रोन म्हणाला. “इतकी चोख लढाई दुसऱ्या कुठल्या खेळात आहे? घाव लागला तर लागला, हुकला तर हुकला. लबाडी नाही.”

“आणि गोष्ट कुठाय? सहाव्या वेशीपर्यंत गेले मी, कोण कुणाचं काय लागतं ते काही कळलं नाही मेलं.”

“गोष्ट शोधायची असते.”

“का? माझं सोनं हरवलंय?”

म्बाह हसले. कप दोन्ही तळव्यांत धरून बोटं शेकत होते. “कुणी काही सांगत नाही, हाच त्याचा गुण आहे विन. दगड सांगतो का, इथे छिन्नी मार म्हणून?”

“दगडापासून उठता तरी येतं म्बाह! इथे केळी करपली तरी खेळ थांबवता येत नाही.”

“तू थांब म्हणालीस तर राखणदार थांबेल?”

“मग चुकलं तर? भाजीत मीठ जास्त पडलं तर पाणी घालतो ना आपण? का ताट उचलून गटारात टाकतो?”

“टवका उडाला की उडाला. दगड परत चिकटत नाही.”

“तो दगड आहे. हा खेळ आहे. माझी चार महिन्यांची मेहनत गिळून बसला तो!”

म्बाहने कप खाली ठेवला. “खेळाला जेवढं सांगितलं तेवढंच त्याने केलं, विन. त्याला बोल लावू नकोस.”

हे वाक्य त्यांनी सात महिन्यांत शंभरदा तरी म्हटलं असेल. मला ते ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जायची. म्हातारा एका यंत्राची कड घेतो, पण समोरच्या जित्याजागत्या बाईची घेत नाही!

“पण म्हणे,” गुफ्रोनने सिगरेट उजेडात धरून पाहिली, “वेदीवर वाहिलेलं सगळं सातव्या वेशीपलीकडे परत मिळतं. अशी आवई आहे. खरं-खोटं कळणार कसं? आपल्याकडचं कुणी तिथवर गेलंच नाही.”

“शनिवारी कळेल,” म्बाह म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “जाण्याआधी एक मागू? एकदा बस. तासभर, पहिल्यापासून. मग म्हण वाईट, मी मान्य करीन.”

“मी बसत नाही जा.”

असं म्हटलं खरं. पण माझा स्वभाव मेला असा, की कुणी डिवचलं की चैन पडत नाही. रात्रभर कूस बदलली. शुक्रवारी सकाळी दोनदा कॉफीत साखर घालायला विसरले. आणि दुपारी सगळे पुरुष नमाजेला गेले, योयोकही गेला. जाताना नेहमीसारखं म्हणाला, “बु, दुकानाकडे लक्ष असू दे.” गल्लीत चिटपाखरू नव्हतं. म्हटलं, हीच वेळ. पाऊण तास खेळून बघू, कुणाला कळणार नाही. सात महिने तोंडाने शिव्या दिल्या आणि आता गुपचूप जाऊन बसले, हे गुफ्रोनला कळलं असतं तर त्याने सिगरेटवर माझी तसबीर काढली असती.

सवयीने तीन नंबरवर बसले. टीव्हीखालची माझी पट्टी उन्हाने पिवळी पडून कडेने सुटली होती, ‘हात’ आणि ‘विनार्ती’ एवढंच धड दिसत होतं. मी ती वाचलीच नाही. स्वतः लिहिलेलं कोण वाचतं? एक डोळा दाराकडे, अंगठा बटणावर. पडदा येईल तसं टक, टक, टक. घाईची माणसं असंच करतात, आणि माझ्याइतकी घाईची बाई अख्ख्या गल्लीत नाही.

समोर एक अंधारी भट्टी आली. ठिणग्या उडत होत्या, पाठमोरी एक बाई घण घालत होती आणि गुणगुणत होती.

आता हे ज्याने खेळलंय त्यालाच कळेल. चौथ्या वेशीवर एक चेटकीण आहे. ती अशीच भट्टीपाशी पाठ करून बसते, अशीच गुणगुणते, आणि तुम्ही आधी वार केला नाही तर वळून एका फटक्यात उडवते. मी तिच्या हातून नऊदा मेले होते. गुणगुणणं कानावर पडलं की आधी मारायचं, हे माझ्या डोक्यात नव्हे, अंगठ्यात जाऊन बसलं होतं. सात महिन्यांनीही अंगठा विसरला नव्हता. मी मारलं. एकदा, दोनदा. ती वळली. पांढरे केस, हातात घण, आणि नुसती बघत राहिली. तिसरा घाव बसला तशी खाली बसली, आणि गुणगुणणं थांबलं.

मग माझ्या हातात भाला दिसला.

भाला! दुकानात भाला एकच माणूस वापरतो.

कोपऱ्यात दिव्याची बारकी खूण गोल फिरत होती. साठवतोय, साठवतोय. मी ओरडले, कंट्रोलर आपटला, मागून वायर उपटली. सगळं होऊन गेल्यावर. पुन्हा लावून बघितलं तर भट्टी थंड, घण जमिनीवर, बाई नाही.

ही लोहारीण म्हणजे म्बाहचा सगळा आधार. सहाव्या वेशीनंतर हत्यार फार लवकर झिजतं, आणि ते नीट करून देणारी ही एकटीच. एकदा मेली की मेली, परत येत नाही. पोरं तिला ‘म्बाहची दुसरी बायको’ म्हणायची, कारण तास संपायला पाच मिनिटं उरली की म्बाह आपला गडी तिच्याजवळ नेऊन उभा करायचे आणि काही न करता तिचं गुणगुणणं ऐकत बसायचे. आणि मी तिला तीन घावांत संपवली. सातव्या वेशीच्या आदल्या दिवशी.

त्या दुपारनंतर माझे पाय एका जागी ठरले नाहीत. केळी करपली, बदलली, दुसरी करपली. योयोक नमाजेहून आला तशी त्याला गाठलं.

“समज, एखाद्याने लोहारीण मारली. परत आणता येते का?”

“कुणी मारली?”

“समज म्हटलं ना!”

“नाही येत. का, कुणी मारली?”

“कुणी नाही. जा, दुकान उघड.”

तो माझ्याकडे वळून वळून बघत गेला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. संध्याकाळी म्बाह आले, तेव्हा मी कॉफी ठेवून लगेच पाठ केली. ते म्हणाले, “आज भांडत नाहीस ती?” मी म्हटलं, डोकं दुखतंय. ते मऊ आवाजात म्हणाले, “मग पडून राहा थोडी.” असा राग आला मला त्यांचा! माणसाने एवढं चांगलं वागू नये ऐन वेळी.

गप्प राहावं, असं मनात आलं. हजारदा आलं. योयोक आहेच, लाइट गेली म्हणेल. कुणाला कळणार होतं? ज्याने माझी बाई लुटली तो गप्प बसलाच ना? त्याचं काय बिघडलं? असं म्हणून उशीवर डोकं टेकायचे आणि परत उठून बसायचे. शेवटी ठरवलं, उद्या ते मशीनवर बसायच्या आधी सांगायचं. दोन वाक्यं तर आहेत.

शनिवारी दोन वाजता म्बाह आले ते इस्त्रीचा बाटिकचा शर्ट घालून. बोटांना तेल चोळलेलं. सगळ्यांसाठी उकडलेल्या शेंगांची पिशवी. गुफ्रोन दुकान बंद करून आलेला, योयोकने बाकीची मशीनंसुद्धा थांबवलेली. मी कॉफी घेऊन आत गेले आणि म्हटलं, “म्बाह—”

“ये, ये. इथे बस, माझ्याजवळ. तुझ्याशिवाय मजा नाही.”

तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं तर गुफ्रोन मध्येच, “बु, शुभ बोला हं, आज तरी!” आणि तेवढ्यात म्बाहने हळूच खालचं बटण दाबलं. यादी. आपलं नाव. त्यांनी कधी चुकूनसुद्धा वरचं दाबलेलं मी पाहिलं नव्हतं.

भट्टी थंड होती.

म्बाहचा गडी भट्टीभोवती एक फेरी मारून आला. मग दुसरी. घणापाशी थांबला.

“कुठे गेली ही?” म्बाह म्हणाले.

गुफ्रोनने शेंग फोडता फोडता हात थांबवला. योयोक पुढे सरकला, घसा खाकरला. “काल दुपारी... लाइट गेली असेल म्बाह. मशीन गोंधळलं—”

“लाइट गेली नव्हती,” मी म्हटलं. “मी मारली तिला. काल, तुम्ही सगळे नमाजेला गेला होता तेव्हा. वरचं बटण दाबलं. मला वाटलं चौथ्या वेशीवरची चेटकीण. म्बाह, मी... काय करू सांगा. काय करू मी?”

म्बाहने मान वळवली नाही. पडद्याकडेच बघत होते.

“तेव्हाही लाइट गेली नव्हती,” ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

“माझा पहिला दिवस होता. इंग्रजी मला वाचता येत नाही. वरचं असेल ते दाबलं. एक बाई उभी होती. चालवून बघितली. ती एका ओट्यापुढे गेली, खेळाने काहीतरी विचारलं. मी म्हटलं हो. परत विचारलं, परत हो. मला वाटलं, हो म्हटलं की पुढे जाता येतं.”

आता ते वळले. डोळे ओले नव्हते, पण चेहरा पार उतरला होता.

“दुसऱ्या दिवशी तू ओरडत होतीस, हात मोडीन म्हणून. मी बाकावरच होतो. हात हे असे,” त्यांनी बोटं पुढे धरली, टोकं पांढरी पडायला लागली होती. “त्या दिवशी घाबरलो. पुढच्या दिवशी लाज वाटली. मग बोलायची वेळ निघून गेली. तू रोज खेळाला शिव्या द्यायचीस. त्या शिव्या माझ्या होत्या, विन. खेळाचा काय दोष? म्हणून मी त्याची बाजू घ्यायचो.”

तुम्हाला वाटेल मला दया आली. नाही आली. अंगाची लाही झाली. “सात महिने!” मी ओरडले. “सात महिने माझ्या हातची कॉफी प्यायलात तुम्ही! माझ्यासमोर बसून दगड नि छिन्नी सांगत होतात मला! आणि मी बावळट, काल दुपारपासून जीव टांगून फिरतेय, झोप नाही, अन्न नाही—” तिथे माझं तोंड बंद झालं. कारण एका दिवसात माझी जी गत झाली होती, तीच या माणसाने सात महिने काढली होती, आणि रोज येऊन माझ्याच समोर बसून काढली होती. तरी मी बाहेर गेले. टपरीवर जाऊन भांडी उगाच आपटली. करपलेली केळी डब्यात टाकली. कुणी मागे आलं नाही, तेही बरंच झालं.

भिंतीपलीकडून आवाज येत होते. राखणदाराची डरकाळी, भाल्याचा खणखणाट, मग मरणाचा तो खोल ठोका. माझ्या बरण्या हलल्या. पुन्हा डरकाळी. पुन्हा ठोका. म्हातारा बोथट भाला घेऊन सातव्या वेशीवर गेला होता.

किती वेळ मी बाहेर राहणार? आत गेले.

म्बाह घामाघूम झाले होते. भाल्याचं टोक केव्हाच तुटलं होतं, नुसत्या दांड्याने मारत होते. दहातला एखादा घाव लागायचा. तरी एकदा राखणदार अर्ध्यावर आला, गुफ्रोन खुर्चीवर उभा राहिला. एकदा तर अगदी बोटभर जीव उरला होता राखणदाराचा. “डावीकडे म्बाह, डावीकडे!” मी कधी ओरडले ते मला कळलं नाही. म्बाह डावीकडे गेले, पण बोटानं बटण दाबलंच नाही. सगळी बोटं खडूसारखी पांढरी पडली होती. कंट्रोलर मांडीवरून खाली पडला. राखणदाराने मारलं.

“झालं,” म्बाह म्हणाले. हात काखेत घालून शेकत बसले.

मी कंट्रोलर उचलून त्यांच्यापुढे धरला. “थांबा थोडं. गरम कॉफी आणते, कप धरा. संध्याकाळच्या बांगेला अजून दोन तास आहेत.”

“नको. ही वेस मला जमायची नाही. मला फक्त बघायचं होतं, पलीकडे वाहिलेलं परत मिळतं का. मिळत असलं तर तुला सांगायचं होतं, तेव्हाच सगळं सांगणार होतो.” त्यांनी योयोककडे बघितलं. “यादी काढ रे.”

योयोकने खालचं बटण दाबलं. म्बाहच्या ओळीच्या बरंच खाली, सगळ्यात शेवटी, एक ओळ होती. विनार्ती. पायरी शून्य. सहावी वेस.

मला वाटलं होतं ती केव्हाच पुसली गेली. योयोक दर ईदनंतर जुनी नावं साफ करतो, जागा पुरत नाही म्हणून. मी त्याच्याकडे बघितलं.

“म्बाहने सांगितलं होतं, ही पुसू नको,” तो म्हणाला. “का ते मी विचारलं नाही.”

“बस,” म्बाह म्हणाले. “तुझे चार महिने तर माझ्याकडे नाहीत. दोन तास आहेत, ते घे.”

मी बसले. माझी बाई वेदीपुढे उभी होती, चिंध्या नेसून, सात महिने जशीच्या तशी. खेळाने विचारलं, वाहायचं का? म्हटलं, आता काय उरलंय वाहायला! आणि ‘नाही’ दाबलं. तिला वळवलं, पायऱ्या उतरवल्या. खाली एक काठी पडलेली मिळाली. पुढे जाते न जाते तो एका कुत्र्याने झडप घातली आणि एका चाव्यात मेले.

“भिकार खेळ!” मी ओरडले.

म्बाह हसायला लागले. इतके हसले की कॉफी शर्टावर सांडली. “उजवीकडून जा गं. तिकडे कुत्रा नसतो.” संध्याकाळच्या बांगेपर्यंत मी अठरा वेळा मेले. ते माझ्या शेजारी बसून वाटा सांगत होते आणि सोललेल्या शेंगा माझ्यापुढे ठेवत होते. उठताना मी नवी चिकटपट्टी लिहून चिकटवली. ‘वरचं बटण दाबायचं नाही.’ हात मोडण्याचं या वेळी लिहिलं नाही. ‘दाबलंच तर बु विनला येऊन सांगा,’ असं लिहिलं.

सोमवारी सकाळी सुराबायाची गाडी माझ्या टपरीपाशी थांबली. म्बाहने काच खाली केली. मी केळ्यांचं पुडकं आत दिलं, त्यांनी दोन्ही हातांत धरून बोटं शेकली.

“आता तरी खरं सांग विन,” ते म्हणाले. “वाईट आहे का खेळ?”

खेळ चांगला आहे. त्याच्यासारखा खेळ मी पाहिला नाही. पण तसं म्हटलं असतं तर आमच्यात भांडायला उरलं काय असतं?

“वाईटच आहे,” मी म्हणाले. “का ते फोनवर सांगते. रोज करा फोन, कारणं पुष्कळ आहेत.”